‘ओशन’ बुडाली, तिच्या पहाऱ्यात गेलेल्यांचे काय?

१९०६ मध्ये ‘ड्रेडनॉट’ ही ब्रिटिश युद्धनौका समुद्रात उतरली आणि तिच्याआधीच्या साऱ्या युद्धनौका जुनाट ठरल्या. त्यांतलाच एक ‘कॅनोपस’ वर्ग. कॅनोपस, ग्लोरी, अल्बियन, ओशन, गोलायथ आणि व्हेंजन्स अशा सहा नौकांचा. आजचा धागा त्यांच्याविषयी, आणि थोडा तक्रारीचा.

हा वर्ग पूर्वेकडील समुद्रांसाठीच आखला होता. सुएझ कालव्यातून जाता यावे म्हणून नौका पाण्यात कमी खोल बसतील अशा बांधल्या. चिलखतही आधीच्या ‘मॅजेस्टिक’ वर्गाहून पातळ ठेवले. तोफा मात्र बारा इंची, चार.

त्यांचा शेवट पुस्तकांत चवीने सांगितला जातो. १८ मार्च १९१५ रोजी दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत ‘ओशन’ सुरुंगावर आदळून बुडाली. १३ मेच्या रात्री ‘मुआवेनेत-इ मिल्लिये’ या तुर्की विनाशिकेच्या टॉर्पेडोंनी ‘गोलायथ’ला जलसमाधी दिली. ५७० माणसे गेली. उरलेल्या चौघी युद्धानंतर भंगारात निघाल्या. ‘कॅनोपस’ची फॉकलंडची हकिगत मोठी रंजक आहे, पण ती पुन्हा कधीतरी.

माझी तक्रार अशी की, या कथेतून मुंबई जवळजवळ गाळलेली असते.

सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन ‘एमडन’ने मद्रासवर तोफा डागल्या. सैन्य वाहणारी जहाजे उघड्या समुद्रात एकटी सोडणे अशक्य झाले. अशा वेळी या ‘जुनाट’ नौका कामी आल्या. १६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबईहून मोठा तांडा निघाला. त्यातील इराणच्या आखाताकडे जाणाऱ्या जहाजांवर ‘ओशन’चा पहारा होता. त्या जहाजांवर सहाव्या पूना डिव्हिजनची पहिली ब्रिगेड होती आणि ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण.

मराठा पलटणींची भरती देशावरून आणि कोकणातून होई. देवबाग, मालवण हा सारा किनारा त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे.

‘ओशन’ने आपले काम चोख बजावले. ६ नोव्हेंबरला सैन्य फाओला उतरले, त्याच महिन्यात बसरा हाती आले. पुढे काय झाले? ‘ओशन’ बुडाली तेव्हा तिच्यावरची जवळजवळ सारी माणसे विनाशिकांनी उचलून घेतली. तिने सुखरूप पोहोचवलेली ११७ वी पलटण मात्र कुतच्या वेढ्यात सापडली. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने खंगलेल्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली आणि कैद्यांना वाळवंटातून पायी हाकण्यात आले. कित्येक वाटेतच मेले. मग या नौकेच्या युद्धकथेत खरी हानी कोणती धरायची?

बसरा स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची पलटणवार केवळ संख्या. महायुद्धानंतर गावोगावी बसवलेल्या संगमरवरी पाट्याही तशाच: या गावातून इतके गेले, इतके परतले नाहीत. नौकेचे नाव, कप्तानाचे नाव, सुरुंग पेरणाऱ्या ‘नुसरत’चे नाव आपल्याला तोंडपाठ!

कोकणातल्या वाचकांना एक विनंती. घरातल्या जुन्या पेटीत पहिल्या महायुद्धाचे पदक असेल, तर त्याची कड उजेडात धरून पाहा. शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण बहुधा तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत ठसवलेली सापडेल.