सुटींतील प्रकल्प व घरची चोपडी

दिवाळीपासून वेळ अमावास्येपर्यंतचे दिवस आमच्या लातूर-नांदेडकडील शेतकऱ्याच्या घरांत मोठ्या वर्दळीचे असतात. सोयाबीनची रास होऊन पोतीं ओसरींत लागलेलीं असतात, हरभरा वर आलेला असतो, तूर शेंगांवर येत असते, ऊस असेल तर तोडणीच्या टोळीची वाट पाहणें चालूं असतें. आणि ह्याच सुमारास लातुरास, नांदेडास किंवा तालुक्याच्या गांवीं शिकावयास ठेवलेलीं मुलें दप्तर घेऊन घरीं येतात. दिवाळीची सुटी लांब. नाताळची शाळेप्रमाणें चार-आठ दिवसांची. आणि वेळ अमावास्येची, लातूर जिल्ह्यांत जिल्हाधिकारी जाहीर करतात ती, एका दिवसाची. ह्या सुट्यांत घर भरलेलें असतें, व मुलांच्या दप्तरांत शाळेनें नेमून दिलेला एक प्रकल्प असतो. हा प्रकल्प घरांत वस्तुतः कोण करतो, ह्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण त्यांत शाळेच्या गुणांपेक्षां बरेंच अधिक गुंतलेलें आहे असें आमचें मत झालें आहे.

सुटीच्या आरंभीं प्रकल्पाचें नांव कोणी काढीत नाहीं. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशीं मात्र बाप मोटारसायकल काढून तालुक्यास जातो व थर्माकोलचा तक्ता, रंगीत कागद, डिंक घेऊन येतो; तेवढाहि वेळ नसल्यास दुकानांत तयार मिळणारा प्रकल्पच उचलून आणतो. रात्रीं मामा किंवा थोरली बहीण कातरकाम करीत बसते, आणि ज्याचा प्रकल्प तें मूल शेजारीं पेंगत असतें. गेल्या वर्षीं एका स्नेह्यांच्या घरीं 'आदर्श शेत' ह्या नांवाचा असाच एक प्रकल्प आमच्या पाहण्यांत आला. त्यांत प्लास्टिकची गाय होती, निळ्या कागदाची विहीर होती, काडेपेटींतील काड्यांचें कुंपण होतें. घरामागें गोठ्यांत खरी देवणी गाय बांधलेली होती. ती वानेरा कीं बालंक्या, असें आम्हीं त्या मुलास सहज विचारलें. त्यानें वडिलांकडे पाहिलें, वडिलांनीं आजोबांकडे. आजोबांनीं लगेच सांगितलें. (आमचीहि परीक्षा कोणीं घेतली असती तर आम्ही कितपत उतरलों असतों, ह्याची आम्हांस शंकाच आहे.)

दोष शिक्षकांच्या माथीं मारण्याचा आमचा हेतु नाहीं. हाताच्या उद्योगांतून शिक्षण द्यावें हा विचार महात्मा गांधींनीं १९३७ सालीं वर्ध्याच्या शिक्षण परिषदेंत मांडला, तेव्हांपासून तो ह्या प्रांतांत कोणास नवा नाहीं. १९९३ पासून भरत असलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान काँग्रेसची योजनाच अशी आहे कीं, मुलांनीं आपल्या गांवचा प्रश्न घ्यावा, त्याचें मोजमाप करावें व निष्कर्ष मांडावा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना गांवच्या कारागिरांजवळ शिकावें असें म्हटलें आहे, आणि महाराष्ट्रांत नववीच्या मुलांसाठीं जलसुरक्षेचें स्वतंत्र पाठ्यपुस्तक निघालें आहे. कागदावर उणीव नाहीं. मूल प्रकल्प घेऊन घरीं येतें, आणि आपण त्यास रान दाखविण्याऐवजीं दुकान दाखवितों, उणीव ही आहे.

ह्या बाबतींत अमेरिकेंतील एक जुनें उदाहरण सांगण्याजोगें आहे. ओहायो राज्यांतील क्लार्क परगण्यांत ए. बी. ग्रॅहम नांवाचे शाळांचे एक अधीक्षक होते. त्यांनीं १९०२ च्या जानेवारींत शेतकऱ्यांच्या मुलामुलींचें एक मंडळ काढलें. मुलांनीं घरच्या रानांतील माती लिटमस कागदानें तपासावी, मक्याचें निवडक बी घरच्याच एका तुकड्यांत लावून पाहावें, भाजीपाला व फुलें करावींत, असा त्यांचा क्रम असे. प्रयोगशाळेंतील विद्वानांनीं सांगितलेलें शेतकरी बाप सहसा मानीत नसत. पण पोरानें आपल्याच बांधाच्या आंत करून दाखविलेलें डोळ्याआड करतां येईना. अशाच मंडळांतून पुढें 'फोर-एच' ही मोठी चळवळ वाढली. मुलाचा अभ्यास म्हणून जें आरंभिलें तें बापाची शेती सुधारण्याचें साधन झालें, हा त्यांतील आम्हांस घेण्यासारखा भाग होय.

आमच्या भागांत मोजण्यासारखी पहिली वस्तु म्हणजे पाणी. एक एकर रानावर एक मिलिमीटर पाऊस झाला तर तें पाणी सुमारें ४,०४७ लिटर भरतें. लातूरकडे वर्षाचा सरासरी पाऊस ८०० मिलिमीटरच्या आसपास धरला तर एका एकरावर ३२ लाख लिटरांहून अधिक पाणी पडतें. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास पाण्याची पहिली आगगाडी आली ती दहा वाघिणींची होती व तिच्यांत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. ती पाहावयास स्टेशनावर गर्दी लोटली होती. म्हणजे बऱ्या वर्षीं आपल्या एकेका एकरावर तसल्या सहा गाड्या रित्या होतात, आणि त्या पाहावयास कोणी जात नाहीं! हें गणित सातवींतलें मूल पाटीवर करूं शकेल. पण तें करून झाल्यावर "मग हें सगळं पाणी जातं कुठं?" असें त्यानें विचारलें, कीं फुटलेला बांध, उताराची पेरणी, बुजलेला ओढा व शेजाऱ्याचें बोअर असे सगळे विषय एकदम जेवणाच्या ताटापर्यंत येऊन पोंचतात. विहिरीचें पाणी दोरास गांठी मारून दिवाळींत एकदां, वेळ अमावास्येस एकदां, संक्रांतीस व महाशिवरात्रीस एकदां असें मोजलें व मांडून ठेवलें, तर दोन-तीन वर्षांत त्या घरास आपल्या विहिरीचा स्वभाव कळेल. उन्हाळी भुईमूग करावा कीं न करावा हें मग अंदाजानें ठरवावें लागणार नाहीं. मात्र विहिरीस कठडा असावा व मोठें माणूस जवळ उभें असावें. हें काम एकट्या पोरांवर सोंपवूं नये.

दुसरी वस्तु बी. २०२० च्या खरिपांत सोयाबीन उगवलें नाहीं म्हणून मराठवाड्यांत गांवोगांव तक्रारी झाल्या, दुबार पेरण्या झाल्या, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें त्याची आपण होऊन दखल घेतली. ज्यांच्या घरीं त्या वर्षीं दुसऱ्यांदा बी विकत आणावें लागलें त्यांस तो आषाढ आठवत असेल. घरचें शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींनीं मांडावे, गोणपाट गुंडाळून सावलींत ओलें राखावें, आणि आठवड्यानें चांगले कोंब मोजावे, एवढीच ही परीक्षा आहे. सत्तर व त्याहून अधिक उगवले तर बी पेरण्यास योग्य समजतात. ती पेरणीच्या तोंडावर करण्याचा उपदेश सर्वांस पाठ आहे. आमची सूचना अशी कीं मुलांनीं ती दिवाळीच्या सुटींत राशीच्या बियाण्यावर करावी व उन्हाळ्याच्या सुटींत त्याच पोत्यावर पुन्हां करावी. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ असते. यंत्राचा मार, पोतें आपटणें, थप्पीवर थप्पी रचणें ह्यांनीं त्याचा कोंब दुखावतो. यंत्रावर काढलेला शेर वेगळा व काठीनें झोडलेला शेर वेगळा ठेवून मुलानें दोहोंची उगवण मांडली, तर तो प्रकल्प कोणत्याहि थर्माकोलाहून सरस होईल.

परंतु ह्या सर्वांहून मोलाचा, आणि घरास सर्वांत जड जाणारा प्रकल्प म्हणजे एका पिकाची चोपडी. मन्याडकांठच्या एका गांवांत दहावींतल्या एका मुलीनें सुटींत घरच्या तीन एकर सोयाबीनचा हिशेब मांडल्याचें आम्हीं समक्ष पाहिलें. बियाणें, खत, फवारणी, ट्रॅक्टरचें भाडें, काढणीची मजुरी, मळणीयंत्राचे पैसे, आडतीचा काटा हें सर्व वडिलांनीं भराभर सांगितलें. त्यांस तें तोंडपाठ होतें. तें लिहून झाल्यावर तिनें आईस विचारलें, "आई, तुझे किती दिवस?" दोन खुरपण्या, काढणी, पाला-काडी वेंचणें, दाणे निवडणें, असें आठवून आठवून एकेचाळीस दिवस भरले. वडील म्हणाले, "आईचं कशाला लिहितीस बाई? ती काय रोजानं आली होती का?" मुलगी म्हणाली, "मग बाबा, तिच्या जागी शेजारची काकू आली असती तर दिला असता ना रोज?" वडील कांहीं बोलले नाहींत. आई पदर तोंडास लावून हंसत होती, पण तिनें "लिहूं नको" असें म्हटलें नाहीं. मुलीनें आईचे, वडिलांचे व आजोबांच्या राखणीचे दिवस लिहिले, आणि नफा म्हणून जो आंकडा सकाळीं सांगितला गेला होता तो निम्म्याच्याहि खालीं आला.

हा घरगुती प्रसंग आम्ही करमणुकीसाठीं सांगत नाहीं. १९६५ सालीं स्थापन झालेला व हल्लीं कृषि खर्च व मूल्य आयोग म्हणून ओळखला जाणारा केंद्राचा जो आयोग आहे, तो पिकाचा खर्च अशाच पायऱ्यांनीं मोजतो. पहिली पायरी खिशांतून गेलेल्या पैशांची. तिला ए-टू म्हणतात. तिच्यांत घरच्या माणसांच्या कष्टाचें मोल मिळविलें म्हणजे दुसरी पायरी होते. स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलाचें व्याज धरलें म्हणजे सी-टू ही सर्वांत वरची पायरी येते. २०१८ च्या अर्थसंकल्पापासून सरकार दीडपट भाव दिल्याचें सांगतें तें दुसऱ्या पायरीवर, आणि शेतकऱ्यांच्या संघटना मागतात तो तिसरीवर. इतका मोठा वाद ज्या भेदावर चालला आहे तो भेद आपल्यापैकीं किती जणांनीं आपल्याच रानावर कधीं मांडून पाहिला आहे? मोर्च्यास जातांना आपण आंकडे दुसऱ्याचे घेऊन जातों. घरांतल्या बाईचे दिवस स्वतःच्या चोपडींत न लिहिणाऱ्यानें ते आयोगानें पुरते लिहावेत अशी अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी?

ह्यावर एक आक्षेप येतो, व तो आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. पुष्कळ बाप म्हणतात, "पोराला लातुरास ठेवलं, शिकवणीला लाखभर भरले, ते त्याच्या हाताला माती लागू नये म्हणूनच, आता सुटीत पुन्हा रानाचंच शिकवायचं काय?" ज्यानें कोरडीं वर्षें काढलीं आहेत त्याच्या तोंडीं हें बोलणें अगदीं खरें आहे. लातूर पॅटर्नमुळें आमच्या खेड्यांतून जे डॉक्टर व इंजिनियर झाले त्यांचा आम्हांस अभिमान आहे. पण सातबारावर उद्यां नांव त्यांचेंच लागावयाचें आहे. वाटणीच्या दिवशीं आपला गट क्रमांक प्रथमच ऐकणारे शिकलेले वारस आम्हीं पाहिले आहेत. तें रान मग ते विकतात तरी स्वस्तांत, नाहीं तर वाट्यानें देऊन दहा वर्षें तिकडे फिरकत नाहींत. शेती सोडावयाची असली तरी ती ठाऊक असून सोडावी.

उलट बाजूचाहि विचार केला पाहिजे. रानाचा अभ्यास म्हणजे फुकटची मजुरी नव्हे. किनवट, हदगांव, भोकरकडे कापसाची वेंचणी व दिवाळीची सुटी एकाच वेळीं येते, आणि मुलगा प्रकल्पास बसला तर त्याच्या बहिणीच्या कमरेस ओटी बांधली जाते. २०१६ च्या दुरुस्तीनें कायद्यानें चौदा वर्षांखालील मुलास शाळा सुटल्यावर व सुटींत, धोक्याच्या नसलेल्या घरच्या कामांत मदत करण्यास मुभा ठेविली आहे. परंतु ती मुभा मुलीच्या वहीवर दगड ठेवण्यासाठीं दिलेली नाहीं. आणखी असें कीं, आपल्या सालगड्याचें मूलहि बहुधा त्याच शाळेंत असतें व त्यासहि तोच प्रकल्प असतो. त्याच्या बापाच्या नांवावर रान नाहीं. आपल्या मुलाबरोबर त्यासहि एक दोर व एक वही दिली तर आपलें कांहीं जात नाहीं. मुखेड, कंधार, लोहा ह्या तालुक्यांतून ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबांचीं जीं मुलें हंगामी वसतिगृहाच्या आधारानें आजी-आजोबांजवळ राहतात, त्यांस तर ही सुटी आई-बापांशिवायच काढावी लागते. त्यांस कोणीं आपल्या रानांत बोलाविलें तर बरेंच होईल.

बोलावण्यास वेळ अमावास्येहून चांगला दिवस कोणता? त्या दिवशीं लातूर शहर ओस पडतें, ज्यांस रान नाहीं तेहि कोणाच्या ना कोणाच्या रानांत जेवतात. कडब्याच्या कोपींत पांडवांची पूजा होते. आंबील, भज्जी, उंडे व खीर ह्यांवर यथेच्छ हात मारून मोठीं माणसें सावलीस आडवीं होतात. तो दुपारचा तास मुलांचा असूं द्यावा: विहिरीचा दोर, बांधाची लांबी, एका वाफ्यांतील हरभऱ्याचीं झाडें, जें सुचेल तें त्यांनीं मोजावें, व आजोबांनीं जागें राहून विचारलें तेवढेंच सांगावें. आदल्या दिवशीं, वद्य चतुर्दशीस, माळेगांवीं खंडोबाची यात्रा सुरू झालेली असते. तेथें लाल कंधारी गोऱ्ह्याचे दांत पाहून वय सांगणारीं माणसें अजून भेटतात. मुलास एक दिवस त्यांच्याजवळ उभें करावें.

ज्या वाचकांच्या घरीं ह्या सुटींत अशी एखाद्या पिकाची चोपडी, विहिरीचें टांचण किंवा उगवणीचा तक्ता तयार होईल, त्यांनीं त्याची नक्कल आमच्याकडे पाठवावी. ती मुलाच्याच हस्ताक्षरांत असावी, वडिलांनीं सुधारलेली नसावी. नांवगांव न छापतां त्यांतील आंकडे आम्ही पुढील अंकांतून देऊं. आईचे दिवस वेगळ्या रकान्यांत लिहिलेले असल्यास ते त्याच रकान्यांत छापूं.