गणिताच्या पेपरात भाषेची परीक्षा कशाला?

प्रति,
अध्यक्ष, संघ लोकसेवा आयोग, नवी दिल्ली

महोदय,

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) जायचं तर आधी आपल्या आयोगाची ९०० गुणांची लेखी परीक्षा. गणिताला ३००, सामान्य क्षमतेला ६००. त्या सहाशेतले २०० इंग्रजीचे. फ्रेंच, जर्मन, जपानी येत असेल तर त्याचा लेखीत एकही गुण नाही.

आमच्या महागाव तालुक्यात हे कुणाला खरं वाटत नाही. अकरावीला मराठीऐवजी परकीय भाषा घेता येते हे लोकांना ठाऊक असतं आणि बाकीचं काम शहरातले क्लासवाले करतात. मग दहावीचा निकाल लागला की विचारणा सुरू होते, "सर, पोराले जर्मन लावू का? एनडीएले कामी येते म्हणते." जर्मन जरूर शिकावी, पण तिच्यासाठी. लष्कराला कुठल्याही शाखेची बारावी चालते. नौदल-हवाईदलाला गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र लागतं. बारावीला भाषा कोणती होती, याच्याशी प्रवेशाचा संबंध नाही. आपल्या जाहिरातीत हे एका ओळीत छापलंत तर पुष्कळ बापांची फी वाचेल.

खरी गंमत आत गेल्यावर आहे. खडकवासल्याला प्रबोधिनीत कॅडेटना परकीय भाषा शिकवतात. अरबी, चिनी, फ्रेंच, रशियन. मुळाक्षरांपासून. पहाटेची पीटी, परेड, घोडेस्वारी उरकून पेंगुळलेल्या डोळ्यांनी वर्गात बसणारं अठरा वर्षांचं पोर चिनी लिपी शिकेल, असा प्रबोधिनीचा विश्वास आहे, आणि तो रास्त आहे. मग त्याच पोराचं इंग्रजी जरा कच्चं असेल तर ते तिथे पक्कं होणार नाही, असं आपण का धरून चालतो?

इंग्रजीचा पेपर काढा, असं मी म्हणत नाही. अधिकाऱ्याला इंग्रजी हवंच. ते २०० गुणांत तपासा, पुढे एसएसबीच्या मुलाखतीत पाच दिवस बोलतं करून तपासा. माझी तक्रार उरलेल्या ७०० गुणांबद्दल आहे. गणित आणि सामान्य ज्ञानाचे प्रश्न आपण इंग्रजीबरोबर हिंदीतही छापता. म्हणजे गणित येतं की नाही हे पाहायला इंग्रजी लागत नाही, हे आयोगाला मान्यच आहे. मग ही सवलत हिंदीपाशीच का थांबते?

आमच्याकडच्या तांड्यावरचा मुलगा घरी गोरमाटी बोलतो, शाळेत मराठी शिकतो, अकरावीला विज्ञान घेतलं की इंग्रजी पुस्तकाशी झटतो. हिंदी त्याला सिनेमापुरती येते. वर्तुळाला वृत्त आणि अपूर्णांकाला भिन्न म्हणणारा हिंदी पेपर त्याच्या काय कामाचा?

बारावी विज्ञान आमच्याकडेही इंग्रजीतच आहे, तेव्हा मराठी गणिताची गरज फार मुलांना पडणार नाही, हे मी कबूल करतो. पण सामान्य ज्ञानाच्या ४०० गुणांतला जवळपास निम्मा भाग इतिहास, भूगोल, चालू घडामोडींचा. कला शाखेतून लष्करासाठी बसणाऱ्या पोरीने हे सगळं मराठीत वाचलेलं असतं. तिला मान्सून कळतो, १८५७ कळतं. अडतो तो प्रश्नातला एखादा शब्द. एक प्रश्न ४ गुणांचा, आणि चुकला तर वर एक तृतीयांश कापले जातात. तिचा भूगोल कच्चा म्हणून नव्हे, प्रश्नाचा अर्थ लागला नाही म्हणून.

आणि हे देशात नवीन नाही. नीट मराठीत होते, जेईई मेन मराठीत होते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची शिपाई भरती २०२४ पासून मराठीसह १३ प्रादेशिक भाषांत घेतात. इतकंच काय, सैनिक शाळेच्या सहावीची प्रवेश परीक्षाही मराठीत देता येते. त्या शाळा काढल्याच मुळी प्रबोधिनीसाठी मुलं घडवायला; पहिली साताऱ्याला, १९६१ साली. दहा वर्षांच्या मुलाला मराठीत पारखायचं आणि सतराव्या वर्षी ती भाषा काढून घ्यायची, याला धोरण म्हणायचं का?

गोपनीयता, भाषांतरातल्या चुका, वेळ, ही उत्तरं येतील. वेळेचं तरी आपण सांगू नये. २०२१ मध्ये मुलींना प्रबोधिनीची परीक्षा देऊ द्यायची वेळ आली, तेव्हा पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबा, असं सरकार म्हणत होतं. सर्वोच्च न्यायालयाने ऐकलं नाही. त्याच नोव्हेंबरात मुली परीक्षेला बसल्या आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतल्या १७ जणी पहिली तुकडी म्हणून संचलन करत बाहेर पडल्या. २०२१ मध्ये संरक्षण सचिव आपणच होता.

आता निदान सामान्य ज्ञानाच्या पेपरापासून सुरुवात करा. इंग्रजीचे २०० तसेच राहू द्या. त्यासाठी पोरांकडून घोकंपट्टी करून घ्यायला आम्ही मास्तर इथे बसलोच आहोत.

आपला,
महागावातील एक शिक्षक