आता या वयात?

'आता या वयात काय करायचंय शिकून?' हे वाक्य ऐकले नाही अशी बाई आपल्यात सापडणार नाही. बोलणारे दुष्ट असतात असे नाही. बहुतेक वेळा ते मायेनेच बोलतात, आणि पुष्कळदा बोलणारी बाईच असते. पण हे 'वय' बाईला नेमके केव्हा लागते ते एकदा मोजून पाहायला हवे. सोळाव्या वर्षी स्थळे यायला लागतात म्हणून शिकण्याचे वय सरते. तिशीत मुले लहान असतात. पंचेचाळिशीत सासू अंथरुणाला खिळते. पन्नाशीत सुनेचे किंवा लेकीचे बाळंतपण निघते, आणि साठीत देवाचे नाव घ्यायचे असते. म्हणजे योग्य वय म्हणून जे काही असते, ते बाईच्या वाट्याला येतच नाही.

आपल्या चळवळीनेही या प्रश्नाकडे फारसे पाहिलेले नाही, हे मान्य करावे लागेल. हुंडा, मारहाण, बलात्काराचा कायदा, पोटगी, समान वेतन यांवर आपण शिबिरे घेतली, मोर्चे काढले. मुलींच्या शिक्षणासाठी भांडलो. पण पाळी गेलेल्या बाईच्या डोक्याला काय खाद्य मिळते, हा विषय आपल्या गटचर्चेत आला तो फार तर 'आरोग्य' या सदरात, कॅल्शियमच्या गोळ्यांच्या शेजारी. आज आपल्यातल्या कितीतरी कार्यकर्त्या स्वतःच साठी-सत्तरीत आहेत. तेव्हा हा प्रश्न आता 'त्या बायकांचा' राहिलेला नाही.

अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना आक्षीच्या पुढे नागाव लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या आणि आता जागोजाग पाट्या: राहण्याची व घरगुती जेवणाची सोय. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईची मोटार थेट या किनाऱ्यावर उतरू लागली. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या वाड्या झोडपल्या. पोफळ लावली की सुपारी हाती यायला पाचसात वर्षे थांबावे लागते. पोट तेवढे थांबत नाही. ज्यांची भिस्त वाडीवर होती, त्यांना खोल्यांचा धंदा जवळचा वाटला तर नवल नाही.

या धंद्याचा कणा चाळिशी-पन्नाशीतली बाई आहे. शनिवार-रविवारी ती पहाटे उठते. पोहे, चहा, मासळी साफ करणे, सोलकढी, कुणी आधी सांगितले असेल तर उकडीचे मोदक, थंडीत पोपटीची तयारी, आणि वीस माणसे उठून गेली की वीस माणसांच्या चादरी. वर्तमानपत्रांत अशा बायकांवर लेख येतात आणि त्यांत 'पन्नाशीनंतरची नवी सुरुवात' असे कौतुकाने लिहिलेले असते. मला हे कौतुक अर्धेच पटते. जे काम ती तीस वर्षे फुकट करत होती तेच आता दर लावून करते, यात नवे काय? चूल तीच, फक्त ताटे वाढली.

पण अर्धे पटते, तेही खरेच. परक्या माणसाशी बोलणे, आलेल्या गिऱ्हाइकाला 'एवढ्यात परवडत नाही' असे तोंडावर सांगणे, किती माणसांना किती सुरमई लागेल याचा अंदाज बांधणे, हिशेब ठेवणे, हे सगळे डोक्याचे काम आहे आणि ते बाईला चांगले येते. प्रश्न एवढाच की ते काम तिच्या हातात राहते का. फोन कुणाच्या खिशात आहे? दर कोण ठरवते? जेवणाचे पैसे ज्या स्कॅनरवर जातात तो कुणाच्या नावाचा आहे? नवरा किंवा मुलगा फोनवर बोलणार, पैसे घेणार, पाहुण्यांना किनारा दाखवायला नेणार, आणि ती मात्र खोबरे किसत बसणार, असे असेल तर त्या घरात नवे शिकण्याची संधी कुणाला मिळाली ते उघड आहे.

माणदेशातल्या बायकांचे उदाहरण इथे आठवते. म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांच्याबरोबर बायकांनी स्वतःची सहकारी बँक काढायचे ठरवले, तेव्हा सभासद बायका निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. त्या बायका अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशेब तोंडी करायला आम्ही तयार आहोत, म्हणाल्या. १९९७ साली बँक उभी राहिली. त्या बायकांना पैशाचे गणित आधीच येत होते. त्यांना हवी होती अक्षरे आणि अधिकार.

आता वेळेचे बोलू. केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत २०१९ साली घरकाम करणाऱ्या बाईचा त्यातला वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे भरला, पुरुषाचा ९७. २०२४ च्या पाहणीत बाईचा २८९ झाला. पाच वर्षांत दहा मिनिटे वाचली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषाचाही ९७ वरून ८८ वर आलेला! पुरुष साठीला निवृत्त होतो, त्याचा सत्कार होतो, शाल मिळते, मग तो सकाळी किनाऱ्यावर फिरायला जातो आणि दुपारी पेपर वाचतो. त्याच घरातल्या बाईला निवृत्तीचे वय नाही. उलट नवरा दिवसभर घरी राहू लागल्याने तिचे दोन चहा वाढतात. कोकणातल्या बाईचे तर आणखी वेगळे. माणूस मुंबईला, वाडी हिच्या अंगावर. पाणी, झावळ्या, गडी, सासूसासरे हे सगळे तिने एकटीने ओढले, आणि पुढे मुलगा पनवेलला स्थिरावला की नातवंडाला सांभाळायला तिलाच बोलावणे येते. तिला विरंगुळा हवा, छंद हवा, असे सांगणारे लेख वाचले की मला राग येतो. २८९ मिनिटांतली निदान शंभर कुणी तरी उचलल्याशिवाय छंद कुठून येणार?

तरीही या भागात एक जागा अशी आहे जिथे पन्नाशीची बाई ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, घरातले काम टाकून जाते आणि तिला कुणी अडवत नाही. ती म्हणजे बैठक. नानासाहेब धर्माधिकाऱ्यांनी १९४३ मध्ये सुरू केलेल्या या श्रीबैठकांचे केंद्र रेवदंडा, म्हणजे नागावच्या शेजारीच. बायकांच्या बैठकी वेगळ्या भरतात, दासबोधाचे निरूपण होते. आपल्यासारख्यांना तिथल्या विचारांबद्दल बरेच काही म्हणायचे असेल. बाईचे प्रश्न प्रपंचातच सोसून सोडवायचे, ही शिकवण मला मान्य नाही. पण आठवड्यातून एकदा दोन तास नीटनेटकी साडी नेसून, आपल्यासारख्याच बायकांत बसून, एखाद्या ग्रंथावरचे बोलणे लक्ष देऊन ऐकायचे, हा हक्क तिने मिळवला आहे. आपल्या बैठकीला मात्र ती घरात खोटे कारण सांगून येते. देवाच्या नावाने जी मोकळीक मिळते ती स्वतःच्या नावाने का मिळत नाही, हा आपला खरा प्रश्न आहे. तो बैठकीला नावे ठेवून सुटणार नाही.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावातही सुरुवात अशीच झाली. गावात पारायण चालले होते, आणि आपल्यालाही पोथी वाचता आली असती तर, असे म्हाताऱ्या बायकांच्या मनात आले. तिथले प्राथमिक शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते मनावर घेतले आणि ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा भरली. साठी ते नव्वदीच्या आज्या, गुलाबी नऊवारी हा गणवेश, आणि वेळ दुपारची, कारण सकाळ-संध्याकाळ त्यांना कामे होती. शिकवायला त्यांच्यातल्याच एकीची सून. पाटी-दप्तर घेतलेल्या आजीचे फोटो जगभर गेले. मला त्या फोटोंपेक्षा ती दुपारची वेळ महत्त्वाची वाटते. शाळा बाईच्या दिवसात बसवली, म्हणून ती चालली.

आपल्या इतिहासातही अशा बायका कमी नाहीत, पण त्यांचे वय आपण विसरतो. देवरुखच्या पार्वतीबाई आठवले यांनी वैधव्यानंतर, सव्विसाव्या वर्षी शिक्षणाला सुरुवात केली, आणि १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी शिकायला त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. लक्ष्मीबाई टिळकांचे पती १९१९ साली गेले, तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिले होते. ज्यांना लग्नानंतर नवऱ्याने अक्षरओळख करून दिली, त्यांनीच उरलेले ६४ अध्याय लिहिले, आणि 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये आला, सहासष्टाव्या वर्षी. विद्या बाळ यांनी ऑगस्ट १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले तेव्हा त्या बावन्न वर्षांच्या होत्या. मंदिरप्रवेशाची जनहित याचिका घेऊन त्या नीलिमा वर्तक यांच्यासह २०१६ साली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा एकोणऐंशीच्या. कर्व्यांनी अठ्ठावन्नाव्या वर्षी महिला विद्यापीठ काढले, त्याला आपण कर्तृत्व म्हणतो. बाईने त्याच वयात काही काढले की त्याला 'हौस' म्हणायचे, ही आपल्या भाषेची खोड आहे.

आणि हौसेच्या पलीकडे यात जिवाचाही प्रश्न आहे. भारतातल्या साठीपुढच्या माणसांच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के निघाले. बायकांत ते ९ टक्के आणि पुरुषांत ५.८, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली, त्यांत कमी शिक्षण, ऐकू कमी येणे, नजर मंदावणे, नैराश्य, एकटेपणा ही आहेत. ही यादी वाचताना आपल्या ओळखीची कुठली तरी बाई डोळ्यांपुढे येतेच. शाळेतून काढलेली ती, ऐकू येत नाही म्हणून लोकांत जायचे बंद केलेली ती, मोतीबिंदू 'पिकू दे' म्हणून थांबवलेली ती. घरात मोठा टीव्ही येतो, पण आजीचे कानाचे यंत्र लांबणीवर पडते, कारण तिला ऐकायचे तरी काय आहे! म्हातारपणी डोके चालते ठेवायला शब्दकोडी सोडवा, असा सल्ला आपण सहज देतो. तिला आधी चष्मा द्या, कानाचे यंत्र द्या, रक्तदाब तपासून घ्या. मग ती कुठले कोडे सोडवायचे ते ठरवील.

काही गोष्टी अनुकूलही झाल्या आहेत. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. त्यावर विनोद खूप झाले, बायका उगाच फिरायला लागल्या म्हणून. उगाच फिरणे हीच तर पुरुषांची पिढ्यान्‌पिढ्यांची चैन आहे! अर्ध्या तिकिटात नागावची बाई अलिबागच्या वाचनालयात जाऊन येऊ शकते. तिने घरी परत किती वाजता यायचे, हे अजून दुसरे कुणी तरी ठरवते, एवढेच.

नागावसारख्या गावांत पावसाळा हा मोकळा काळ आहे. समुद्रातले खेळ बंद असतात, पाहुणे कमी, खोल्या रिकाम्या. जून ते ऑगस्ट दुपारी दोन ते चार हे बायकांच्या वर्गाचे दिवस होऊ शकतात. तिथे काय शिकवायचे ते आपण बाहेरून ठरवू नये. कुणाला मोबाइलवरून पैसे घ्यायला आणि पाठवायला शिकायचे असेल, कुणाला सातबारा वाचायला, कुणाला पोहायला. समुद्राकाठी जन्म गेला आणि पाण्यात कधी उतरले नाही, अशा बायका किनाऱ्यावर पुष्कळ आहेत. कुणाला आक्षीचा शिलालेख बघायचा असेल, गावाशेजारचाच आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. पुष्कळ ठिकाणी ती सभा सह्यांपुरती होते आणि तो पैसा शिलाई यंत्रांवर संपतो. पुढच्या महिला सभेत चाळिशीपुढच्या बायकांनी एवढेच मांडावे: पावसाळ्याचे तीन महिने, रोज दोन तास, समाजमंदिराची किल्ली आमच्याकडे. आणि तो ठराव सभेच्या नोंदवहीत उतरेपर्यंत कुणी उठू नये.