कर्बतटस्थ वाइन आणि बाटलीचे वजन

न्यूझीलंडच्या मार्लबरो प्रांतातील ग्रोव्ह मिल या वाइन कारखान्याला २००६ मध्ये 'कर्बतटस्थ' असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. असा मान मिळविणारा तो जगातील पहिला वाइन कारखाना. त्यानंतर कॅलिफोर्नियापासून कॅटलोनियापर्यंतच्या अनेक उत्पादकांना या बिरुदाची ओढ लागली. २०१९ मध्ये स्पेनमधील तोरेस आणि अमेरिकेतील जॅक्सन या दोन घराण्यांनी पुढाकार घेऊन उत्सर्जनकपातीसाठी आंतरराष्ट्रीय संघटनाही उभारली. या साऱ्या खटाटोपास ढोंग म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु कर्बाचा हिशेब हाही अखेर हिशेबच आहे, आणि कोणती रक्कम कोणत्या खात्यावर टाकली हे तपासल्यावाचून ताळेबंदावर विश्वास ठेवू नये, हा नियम येथेही लागू पडतो.

वाइन म्हटली की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर द्राक्षांचा मळा आणि आंबवणाची पिंपे उभी राहतात. आंबवणातून कर्बवायू निघतो हे खरे. एक लिटर रसात साधारण २०० ग्रॅम साखर धरली, तर तिच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग वायुरूपाने निघून जातो. म्हणजे पाऊण लिटरच्या बाटलीमागे सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम. पण हा वायू वेलीने त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो. घेतलेले परत केले, एवढाच त्याचा अर्थ. मळ्यातील इतर सुधारणाही डोळ्यांत भरणाऱ्या आहेत. मार्लबरोमधीलच यीलँड्स या मळ्यात वेलींच्या ओळींतून ठेंगण्या जातीच्या मेंढ्या चरतात आणि छाटणीच्या काड्या बांधून बॉयलरमध्ये जाळल्या जातात. मेंढ्यांचे छायाचित्र छान येते, हेही खरेच.

छायाचित्रात न येणारी गोष्ट म्हणजे काच. वाइनच्या कर्बभाराचे जे हिशेब आजवर मांडले गेले, त्यांपैकी बहुतेकांत सर्वांत मोठी एकच बाब निघते, ती बाटलीची. काच वितळविण्यासाठी भट्टी सुमारे १५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते आणि ती रात्रंदिवस, वर्षानुवर्षे धगधगत ठेवावी लागते. शिवाय चुनखडी व सोडा हा कच्चा मालच तापल्यावर कर्बवायू सोडतो. पाऊण लिटर वाइनसाठी सरासरी अर्धा किलोहून अधिक काच वापरली जाते आणि उंची म्हणविणाऱ्या वाइनच्या काही बाटल्या ९०० ग्रॅमच्याही पुढे जातात. शँपेनची गोष्ट निराळी. तिच्या बाटलीला आतून सुमारे सहा वातावरणांचा दाब सोसावा लागतो. तरीही शँपेनच्या उत्पादकांनी २०१० मध्ये आपली बाटली ९०० वरून ८३५ ग्रॅमवर आणली. मग ज्या साध्या वाइनमध्ये दाबाचा प्रश्नच नाही, तिला एवढे जड चिलखत कशासाठी?

उत्तर रसायनशास्त्रात नाही, अर्थशास्त्रात आहे. थॉर्स्टाइन व्हेब्लेन याने १८९९ मध्ये प्रदर्शनी उपभोगाची जी मीमांसा केली, तिचे यापेक्षा शुद्ध उदाहरण सापडणे कठीण. ग्राहकाला आतील द्रवाची पारख नसते; हातात आलेल्या वजनावरून तो किमतीचा अंदाज बांधतो. एका उत्पादकाने हलकी बाटली वापरली तर त्याची वाइन हलक्या प्रतीची ठरते, आणि म्हणून सर्वच जण जड बाटली वापरतात. त्या जडपणाची खरी किंमत मात्र ना उत्पादक देतो ना ग्राहक. ती हवेच्या खात्यावर पडते. वाहतुकीतही हेच. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले की, न्यूयॉर्कमधील माणसाने ट्रकने आलेल्या कॅलिफोर्नियाच्या वाइनऐवजी जहाजाने आलेली फ्रान्सची वाइन घेतली तर कर्बभार कमी पडतो. अंतरापेक्षा वाहन महत्त्वाचे आणि वाहनावर लादलेली काच त्याहून.

अशा स्थितीत 'तटस्थता' विकत घेता येते, ही सर्वांत सोयीची पळवाट आहे. बाटली तशीच ठेवायची आणि दूरदेशीच्या वनीकरणाची पत खरेदी करून वजाबाकी पूर्ण करायची. युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या निर्देशानुसार केवळ अशा खरेदीच्या बळावर एखादा माल पर्यावरणदृष्ट्या तटस्थ असल्याचा दावा करण्यास मनाई आहे. सदस्य देशांनी ती २७ सप्टेंबर २०२६ पासून अमलात आणावयाची आहे. त्याहून साधा उपाय कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने केला. तेथील सरकारी मद्यविक्री मंडळाने २०१३ पासून स्वस्त वाइनच्या बाटलीवर ४२० ग्रॅमची मर्यादा घातली. मोठ्या खरेदीदारानेच अट घातली, तेव्हा हलकी बाटली हा कोणा एकाचा कमीपणा राहिला नाही. २०२३ मध्ये काही मोठ्या विक्रेत्यांनी आपसांत करार करून २०२६ अखेरपर्यंत सरासरी वजन सुमारे ५५० वरून ४२० ग्रॅमखाली आणण्याचे ठरविले, तेही याच तर्काने.

हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. राज्याने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. विंचूर आणि पलूस येथे वाइन उद्याने काढली. नाशिकचे नाव देशभर गेले. येथील परिस्थिती मार्लबरोसारखी नाही. न्यूझीलंडची बहुतांश वीज पाण्यावर, वाऱ्यावर आणि भूगर्भातील उष्णतेवर निघते. महाराष्ट्राची मुख्यतः कोळशावर. द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते आणि पुढे उन्हाळा वाढत जातो, तसतसा पिंपे थंड राखण्याचा खर्चही वाढतो. म्हणून छपरावरील सौर तावदान नाशिकला जेवढा कर्ब वाचविते, तेवढा मार्लबरोला वाचवीत नाही. नाशिकच्या काही कारखान्यांनी ती बसविली आहेत, हे योग्यच झाले.

परंतु बाटलीकडे सरकारचेही लक्ष नाही. वाइनवरील २० टक्के मूल्यवर्धित करापैकी १६ टक्के उत्पादकांना परत देण्याची योजना राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२३ मध्ये पुढील पाच वर्षांसाठी मान्य केली. सार्वजनिक तिजोरीतून एवढी सवलत देताना बाटलीच्या वजनाची मर्यादा ही एक अट घालण्यास कोणती अडचण होती? हलकी बाटली स्वस्त पडते, त्यामुळे लहान उत्पादकाचे नुकसान होईल हा आक्षेप टिकत नाही. 'शेजाऱ्याची जड, माझी हलकी' ही त्याची भीती तर सर्वांना एकच अट लागू केली की आपोआप जाते. दुसरी अट आकाराची. बिअरची बाटली भंगारवाला आवडीने घेतो, कारण ती धुऊन पुन्हा भरली जाते. वाइनच्या बाटलीचा आकार, रंग आणि उंची प्रत्येक छापागणिक वेगळी, म्हणून ती फार तर फुटक्या काचेच्या भावाने जाते. जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग भागात एक लिटरची ठरावीक बाटली परत घेऊन पुन्हा भरण्याची प्रथा आहे. नाशिकच्या दोन-चार कारखान्यांनी एका आकारावर एकमत केले, तर ती बाटली गोळा करणारी यंत्रणा नव्याने उभारावी लागणार नाही. ती हातगाडी घेऊन रोज सकाळी गल्लीतून फिरतेच आहे.