सदाफुली दारात, नरक्या डोंगरात

शेजारच्या काकूंचा नातू पाच वर्षांचा. गेल्या वर्षी त्याला रक्ताचा कर्करोग निघाला आणि घरादाराचा धीर सुटला. एकदा काकूंच्या सोबतीला मी दवाखान्यात गेले होते. इंजेक्शन देताना सिस्टर म्हणाल्या, ‘‘आजी, हे व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीपासून बनतं बरं का!’’ काकू बघतच राहिल्या. ‘‘अगंबाई, ती तर मी दर पावसाळ्यात उपटून टाकते!’’

घरी येऊन मी वाचलं. सदाफुली मूळची मादागास्करची. जमैकात मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेत. म्हणून १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी ती तपासली. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या. त्याच धाग्यावरून पुढे कर्करोगाची औषधं हाती आली. (म्हणून घरी पानं चावू नका हं, ती विषारी असतात.)

सदाफुली कुठेही उगवते, म्हणून टिकली. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याचं तसं नाही. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं. त्यापासून आतड्याच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगावरची औषधं बनवतात. हे द्रव्य १९६६मध्ये एका चिनी झाडात सापडलं, आणि ते नरक्यातही असल्याचं १९७२मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवलं. पुढे मागणी वाढली तशी कोकण-कोल्हापूरकडच्या रानांत नरक्याची झाडंच्या झाडं तोडली गेली. तोडणाऱ्याला मिळाले चार पैसे, आणि डोंगर मात्र रिकामा झाला.

मैत्रिणींनो, ‘औषधी वनस्पती जपा’ म्हटलं की आपण कुंडीत तुळस नि कोरफड लावतो. छानच आहे ते; पण नरक्या कुंडीत वाढत नाही, त्याला त्याचं रान लागतं. शिवाय उद्याचं औषध कुठल्या झाडात दडलंय, हे आज कुणाला ठाऊक? उपयोगाचं तेवढंच ठेवायचं, हा हिशेब म्हणूनच मला पटत नाही.

२००२च्या कायद्यानुसार गावोगावी जैवविविधता समिती आणि नोंदवही असायला हवी. आपल्याकडे आहे का, ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत जाऊन विचारूया. रानात जाणाऱ्या मावशींना, आपल्या आज्यांना ठाऊक असलेली झाडं त्यात लिहायला लावूया.

काकूंच्या नातवाचे उपचार अजून चालू आहेत. यंदा मात्र काकूंच्या अंगणातली सदाफुली कुणी उपटलेली नाही.