सुगरणीने भरलेली फी

"सुगरण जन्मावी लागते" असे आपल्याकडे कौतुकाने म्हणतात. मला त्यात कौतुक दिसत नाही. जे शिकावे लागत नाही त्याची मजुरीही द्यावी लागत नाही, इतकाच त्याचा अर्थ. माझी आई चार घरी पोळीभाजी करते. पगार वाढवून मागितला की "बायकांना येतंच की हे" एवढे ऐकून परत येते. म्हणूनच चिनी स्वयंपाक दूरचित्रवाणीवर शिकवणाऱ्या फू पेइ-मेइ या बाईंची हकीकत मला महत्त्वाची वाटते.

फूबाई १९३१ साली चीनमधल्या डालियन शहरात जन्मल्या, १९४९ साली तैवानला आल्या आणि तेथेच त्यांचे लग्न झाले. स्वयंपाक त्यांना धड येत नव्हता. नवऱ्याचे मित्र माहजोंग खेळायला जमत. बाई त्यांना करून घालीत आणि नवरा नावे ठेवी. पुष्कळ लोक बाईंच्या यशाचे श्रेय त्या टोमण्यांना देऊन मोकळे होतात. मला हे मुळीच पटत नाही. टोमणे कोणत्या बाईला चुकले आहेत? फूबाईंनी केले ते वेगळेच. लग्नातले सोने मोडून त्या हॉटेलांतल्या आचाऱ्यांकडे शिकल्या. एकाकडे नव्हे, निरनिराळ्या प्रांतांच्या आचाऱ्यांकडे, एकामागून एक. चीनमधील यादवीनंतर लाखो लोक तैवानला आले होते, त्यांत प्रांतोप्रांतीचे आचारीही होते. एरवी ज्यासाठी अर्धा चीन पालथा घालावा लागला असता ते तैपेईतच मिळाले. पण फुकट नव्हे.

पुढे त्यांनी स्वतःचे वर्ग काढले. १९६२ साली तैवानची पहिली दूरचित्रवाणी सुरू झाली आणि त्या पडद्यावर आल्या, त्या सुमारे चाळीस वर्षे. सुरुवातीचे चित्र कृष्णधवल. कांदा लालसर झाला हे प्रेक्षकाला दिसणारच नाही, तेव्हा ते शब्दांतच सांगायला हवे! १९६९, १९७४ आणि १९७९ साली त्यांच्या पाकग्रंथाचे तीन खंड निघाले, चिनी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. परदेशी शिकायला निघालेली तैवानी मुले ते बॅगेत घालून नेत.

१९७१ साली न्यूयॉर्क टाइम्सने त्यांना चिनी स्वयंपाकातल्या ज्युलिया चाइल्ड म्हटले. वास्तविक ज्युलियाबाईंची मालिका १९६३ ची, म्हणजे फूबाई आधीच्या. पण तुलनेचे माप नेहमी दुसऱ्याच्या घरचे असते.

रोज पडद्यावर एप्रन बांधलेली बाई दाखवणे म्हणजे बायकांना पुन्हा चुलीशीच बसवणे नव्हे काय, असे कोणी विचारील. काही अंशी ते खरेही आहे. मात्र या बाईने चुलीजवळच्या कामाला माप दिले, क्रम दिला आणि त्याचे पैसे घेतले. जपानी येत असल्यामुळे जपानच्या दूरचित्रवाणीवरही शिकवले. २००४ साली त्या वारल्या.

गेल्या दिवाळीत मी आईच्या चकलीच्या भाजणीचे प्रमाण लिहून घ्यायला बसले. "अंदाजानं गं," ती म्हणाली. मी वाटी पुढे केली. मूठ रिकामी करायची, वाटीत मोजायची, लिहायचे, यात सारी दुपार गेली. डाळ किती भाजायची त्याला तर अजून शब्द सापडलेला नाही. दोन पाने भरली. वाचून दाखवली तेव्हा आई म्हणाली, "एवढं असतं होय त्यात?"