तीन तासांची बैठक

मुलगी ‘दाखवण्याची’ रीत फक्त आपल्याकडचीच, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी लंडनच्या नॅशनल गॅलरीतले डेन्मार्कच्या ख्रिस्तिनाचे चित्र एकदा पाहावे. त्याची छापील प्रत मी पुष्कळदा काढून बसतो.

१५३७ साली इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची तिसरी राणी बाळंतपणानंतर वारली आणि चौथीचा शोध सुरू झाला. स्थळ सांगून आले ख्रिस्तिनाचे. वय सोळा, मिलानच्या ड्यूकची विधवा. बादशहा पाचवा चार्ल्स तिचा मामा. ती राहत होती ब्रुसेल्सला, मावशीच्या दरबारी. मार्च १५३८ मध्ये हेन्रीचा चित्रकार हान्स होल्बाइन तिथे पोचला. त्याला वेळ मिळाला दुपारी एक ते चार! तेवढ्यात त्याने रेखाटने केली आणि पुढे त्यांवरून हे पुऱ्या उंचीचे चित्र रंगवले.

राजघराण्यातली बाई म्हणजे जरतार, हिरेमोती, मखमली पडदे. इथे त्यातले काही नाही. नवरा जाऊन अडीच वर्षे होत आलेली, अंगावर सुतकाचा काळा पोशाख, बोटात लाल खड्याची एकच अंगठी, मागे निळीहिरवी मोकळी भिंत. तो काळा रंग सारे गिळून टाकतो आणि उरतात ते चेहरा आणि हात. वराकडच्यांना पाहायचे असते तेच. पण गंमत अशी, की ही मुलगी मान खाली घालून उभी नाही. ती समोर बघते. ओठांच्या कडेला हसू आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. हातांत मोजे धरले आहेत. आता निघायचेच आहे, असे.

राजाला चित्र फार आवडले. मुलीचे मन मात्र वळले नाही. ते का वळावे? त्याची पहिली राणी हिच्या आजीची सख्खी बहीण. तिला त्याने टाकले होते. दुसरीचे शिर उडवले होते. शेवटी राजकारणाचे वारे फिरले आणि १५३९ मध्ये बोलणी मोडली. चित्र हेन्रीने मरेपर्यंत जवळ ठेवले.

त्याच साली होल्बाइनने क्लीव्हच्या ॲनचे चित्र काढले. ते आज पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. तिथे दागिने आणि भरतकाम भरपूर. लग्न झाले जानेवारी १५४० मध्ये, जुलैत रद्दही झाले. राजाला ती प्रत्यक्षात आवडली नाही.

ख्रिस्तिनाने १५४१ मध्ये लोरेनच्या राजपुत्राशी लग्न केले, पुन्हा वैधव्य सोसले, लहान मुलाच्या नावाने राज्य चालवले आणि १५९० पर्यंत जगली. हेन्रीला जाऊन तेव्हा त्रेचाळीस वर्षे झाली होती.

तेव्हा वाचकहो, घरी एखाद्या मुलीचा फोटो आला, तर रंग-उंची बघून झाल्यावर घटकाभर तिच्या डोळ्यांकडेही पाहा. तीही तुम्हांला पारखत असेल.